कपड्यावर पक्षी शिटला? डाग काढताना या चुका टाळा

गेल्या जूनमध्ये माझा भाऊ सोसायटीतल्या जांभळाखाली गप्पा मारत उभा होता, वर आला तर पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर जांभळट डाग, मधोमध चुन्यासारखं पांढरं. मी घाईघाईने कपड्याची वडी लावली आणि खसाखसा घासलं. रुपयाएवढा डाग दोन मिनिटांत तळहाताएवढा झाला आणि वर निळा पडला.

तेव्हा नीट समजून घेतलं, की शिट म्हणजे एकच गोष्ट नसते. पांढरा भाग ही पक्ष्याची लघवी, ती आपल्यासारखी पातळ नसते, युरिक अ‍ॅसिडची पेस्टच असते आणि साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. काळा-हिरवट भाग ही विष्ठा. आणि कावळा, कोकीळ, बुलबुल जांभळं-तुती खाऊन आले असतील तर फळाचा रंग वेगळाच.

म्हणून ओली शिट पुसायची नाही, चोळायची तर अजिबात नाही. जाड असेल तर चमच्याच्या कडेने किंवा जुन्या एटीएम कार्डाने बाहेरून आत अशी अलगद उचला, मग कपडा उलटा करून मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, म्हणजे घाण आली तशी बाहेर जाते. गरम पाणी नको, विष्ठेतली प्रथिनं उष्णतेने धाग्यात घट्ट बसतात.

वाळलेली असेल तर नखाने खरवडू नका प्लीज. विशेषतः कबुतरांच्या शिटेची धूळ श्वासातून गेली की फुप्फुसांना त्रास होऊ शकतो, मुंबई-पुण्यात बाल्कनीत कबुतरं असणाऱ्यांनी हे मनावर घ्याच. आधी ओला फडका दहा मिनिटं ठेवून मऊ करा, मास्क लावा, मग काढा, आणि हात साबणाने धुवा.

आता रंग बघा. जांभळा-लालसर असेल तर साबण, सोडा आधी लावायचा नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तसा जांभळाचा रंग साबणाने निळा पडतो. अशा वेळी एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी करून कापसाने टिपत राहा, व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस. माझा निळा झालेला डाग यानेच परत गुलाबी झाला आणि हळूहळू कापसावर उतरायला लागला, ते बघून खरंच हायसं वाटलं. नंतर खळखळून धुवा.

पांढऱ्या भागासाठी मात्र उलट, युरिक अ‍ॅसिड अल्कलीत जास्त सुटतं, त्यामुळे आपली नेहमीची डिटर्जंट पावडर किंवा एक मग पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, त्यात अर्धा तास भिजत घाला आणि दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने हलकेच फिरवा. इथे बहुतेकजण सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात, फेस बघून वाटतं काम होतंय, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हातात उरतं जवळपास खारट पाणी. एक झालं, धुतलं, मगच दुसरं.

पांढऱ्या सुती कपड्यावर शेवटी पिवळट छटा राहिली तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साईड चालतं, बाटलीवर 6 टक्के असेल तर तितकंच पाणी घालून 3 टक्के करा, दहा मिनिटांनी धुऊन टाका. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा. क्लोरीनचं ब्लीच शक्यतो नकोच, आणि व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर असलेल्या बादलीत तर कधीच नको, विषारी वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये ते फार धोक्याचं.

इस्त्रीची घाई करू नका. कपडा सावलीत वाळवून उजेडात बघा, डाग अंधुक दिसत असेल तर परत भिजवा, कारण इस्त्री फिरली की राहिलेला डाग पक्का बसतो. भावाच्या कुर्त्याला तीन फेऱ्या लागल्या.

रेशीम, लोकर, पैठणी यांच्यावर यातलं काहीच करू नका. एन्झाइमवाली पावडर प्रथिनं तोडते आणि रेशीम-लोकर हे प्रथिनच आहे. वरची घाण उचला, गार पाण्यात पिळलेल्या पांढऱ्या फडक्याने टिपा, जरीला हात लावू नका, आणि त्याच दिवशी ड्रायक्लीनरकडे द्या, देताना डाग कशाचा आहे ते स्पष्ट सांगा आणि त्याच्या समोर बोट ठेवून दाखवा.