फादरांच्या शाळेचा इतिहास लिहायचा तर

शाळेचा सुवर्णमहोत्सव नाहीतर शताब्दी जवळ आली की स्मरणिका काढायचं ठरतं. मग मुख्याध्यापकांची यादी, निकालांचे आकडे आणि ढाली घेऊन उभ्या असलेल्या मुलांचे फोटो गोळा होतात. मी फादरांनी चालवलेल्या, मुलांच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. तिथलं जुनं दप्तर, म्हणजे शाळेची कागदपत्रं, लावायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून जळगाव-धुळ्याकडचे माजी विद्यार्थी अजून विचारायला येतात. त्यांना मी सांगतो, जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रवेशापासून शाळा सोडेपर्यंतच्या नोंदीचं पुस्तक, उघडा आणि शेवटच्या रकान्यांपासून वाचायला लागा.

तिथे शाळा सोडल्याची तारीख असते आणि कारण असतं. ‘वडिलांची बदली’ हे रेल्वेच्या गावात पानोपानी दिसेल. भुसावळसारख्या ठिकाणी ड्रायव्हर, गार्ड, फिटर यांची मुलं इगतपुरी नाहीतर खंडव्याहून यायची आणि तशीच पुढे जायची. ‘फी बाकी’ दिसेल. ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’ असं दिसलं की महिना बघा आणि मुलाचं गाव बघा. दिवाळीच्या पुढेमागे आणि गाव काळ्या मातीतलं असेल तर पोरगं बहुधा कापूस वेचायला गेलं. १९७२च्या दुष्काळाच्या आसपासची पानं तर एकेक नोंद थांबून वाचा. स्मरणिकेत बोर्डात आलेला मुलगा येतोच येतो. सातवीतून गेलेला मुलगा फक्त या रकान्यात उरतो, आणि शाळा त्याचीही होती.

रजिस्टरला हात लावण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. त्यात जात, धर्म, जन्मतारीख, वर्तणुकीचा शेरा असं सगळं असतं, तेव्हा पानांचे फोटो कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नयेत. वहीत फक्त रजिस्टर नंबर, वर्ष, इयत्ता आणि कारण उतरवा. नाव छापायचं तर त्या माणसाला किंवा घरच्यांना विचारून. हे काम हिवाळ्यात करा. मे महिन्यात आपल्याकडे जुना कागद पापडासारखा मोडतो, पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका, फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर आधी पुढे ओढून घ्या. वाळवी मागून येते.

इयत्ता वाचताना घाई नको. मुंबई इलाख्यात मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली सुरू व्हायची, म्हणजे इंग्रजी चौथी ही आजची आठवी आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. मॅट्रिक मुंबई विद्यापीठ घ्यायचं; पहिली एस.एस.सी. १९४९ची, आणि १९७५पासून ती दहावीला आली. हे ध्यानात न घेता निकालांचा एकच तक्ता केला तर अकरावी आणि दहावी एकाच ओळीत बसते. पत्त्याचंही तसंच. १९०६मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ साली. कागदावर जे असेल तेच लिहा, आजचा जिल्हा शेजारी द्या.

संस्थापक कोण, हे शाळेच्या नावावरून ठरवू नका. सेंट अलॉयसियस हे नाव घ्या. अलॉयसियस गोन्झागा हा जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातला) तरुण १५९१ साली रोममध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना तेविसाव्या वर्षी वारला. त्याचं नाव शाळांना जेझुइटांनी दिलं तसंच इतर संघांनी आणि सिस्टरांनीही दिलं. खात्री करायची तर चर्चची कागदपत्रं बघावी लागतात. नाशिक धर्मप्रांत १९८७चा. त्याआधी हा भाग पुण्याच्या बिशपांकडे होता, त्यामुळे जुना पत्रव्यवहार पुण्यात विचारा. जेझुइट घरांमध्ये ‘हिस्टोरिया डोमुस’ म्हणजे घराची बखर ठेवायची रीत आहे. तुमची शाळा त्यांची असेल तर फादरांना तिच्याबद्दल जरूर विचारा. पहिल्या महायुद्धात जर्मन फादरांना मुंबई-पुण्याच्या मिशनमधून जावं लागलं. तेव्हा १९१५-१६च्या सुमारास नोंदींचं अक्षर एकदम बदललेलं दिसलं तर कारण तिथे शोधा. बाप्तिस्म्याच्या लॅटिन नोंदीत महिन्याच्या जागी सातचा आकडा आणि पुढे ‘ब्रिस’ असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ नोव्हेंबर, दहा डिसेंबर.

आता माणसं. खरं तर कागदाच्या आधी यांच्याकडे जायला हवं, कारण कागद वाट बघतो. पहिल्यांदा शिपाई, बोर्डिंगचा स्वयंपाकी, घंटा देणारा यांना भेटा. माजी मुख्याध्यापकांना सगळेच भेटतात. ‘शाळेबद्दल सांगा’ असं विचारलंत तर ‘शिस्त फार होती’ एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा: कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला, जायची तेव्हा बाकीचे कुठल्या वर्गात मॉरल सायन्सला बसायचे? बोर्डिंगात भाकरी ज्वारीची की बाजरीची? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी सोडायचे का? घरी अहिराणी बोलणारा मुलगा पहिल्या दिवशी इंग्रजी प्रार्थनेत काय म्हणायचा? साल आठवत नसेल तर ‘दुष्काळाच्या आधी की नंतर’ असं विचारा. मार खाल्लेला माणूस ते सांगू लागला तर त्याला थांबवू नका, आणि लिहिताना गाळू नका. आपल्या अमळनेरलाच साने गुरुजींनी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं दैनिक लिहून काढलं होतं. रोजचं, बारीकसारीक लिहायची रीत खान्देशाला नवी नाही.

दोन माणसांनी एकच गोष्ट वेगवेगळी सांगितली तर दोन्ही छापा, कुणी सांगितलं त्याच्यासह. फक्त तारीख रजिस्टरवरून घ्या. छापखान्यात पाठवण्याआधी कच्चा मजकूर एका जुन्या शिपायाला, एका फादरांना आणि शाळा अर्ध्यात सोडलेल्या एका माणसाला वाचून दाखवा, आणि तिघं जिथे जिथे अडवतील तिथे दप्तर पुन्हा उघडा.