मॉडचे काम किती झाले आणि मॉड कधी येणार, हे चाहत्यांना कसे सांगावे

मॉड म्हणजे एखाद्या गेममध्ये खेळणाऱ्यांनीच केलेली भर किंवा बदल. तो बनवणाऱ्या प्रत्येक गटाला चाहते सर्वांत जास्त वेळा विचारतात तो प्रश्न एकच असतो : "दादा, मॉड कधी येणार?" या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न असतात. काम चालू आहे की बंद पडले, हा पहिला. आणि मला ते कोणत्या दिवशी खेळायला मिळेल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर गटाला कोणत्याही दिवशी देता येते, दुसऱ्याचे मात्र काम अगदी शेवटाला आल्यावरच देता येते. बहुतेक गट पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर देतात, म्हणजे काम चालू आहे हे पटवण्यासाठी एखादी तारीख सांगून मोकळे होतात, आणि पुढचा सगळा मनस्ताप तेथूनच सुरू होतो.

बोलणे नेमके राहावे म्हणून एक उदाहरण धरू. कोल्हापुरातील चार-पाच तरुणांचा गट यूरो ट्रक सिम्युलेटर २ या गेमसाठी कोल्हापूर ते गगनबावडा रस्त्याचा नकाशा आणि त्यावर धावणारी एसटीची लाल बस तयार करत आहे, असे समजा. त्यांतील दोघे कॉलेजात शिकतात, एक जण गोकुळ शिरगावच्या कारखान्यात शिफ्टमध्ये आहे, एक जण उद्यमनगरात वडिलांचे वर्कशॉप सांभाळतो. मॉडचे काम रात्री आणि रविवारी होते, आणि त्याचा पैसा कोणालाच मिळत नाही. अशा गटाला कंपनीसारखे वेळापत्रक पाळता येणार नाही हे उघड आहे. पण चाहत्यांशी नीट बोलणे त्यालाही जमू शकते.

काम किती झाले हे सांगताना

पहिली गोष्ट, टक्के सांगू नयेत. "नव्वद टक्के काम झाले" हे वाक्य ऐकणाऱ्याला वाटते की आता आठवडाभराचा प्रश्न आहे. सॉफ्टवेअरच्या कामात उरलेले दहा टक्केच सर्वांत जास्त वेळ खातात, हे बेल लॅब्जमधील टॉम कारगिल यांच्या नावावर असलेल्या एका जुन्या उक्तीत फार नेमके आले आहे : पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. शिवाय टक्के कशाचे, हे कोणी सांगत नाही. रस्त्याचे, इमारतींचे, की टेस्टिंगचे?

त्याऐवजी पावसाळ्यात कोल्हापुरातील पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीची माहिती ज्या रीतीने दिली जाते, ती रीत उचलावी. किती वाजता पातळी किती फूट किती इंच होती, किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, एवढेच तिच्यात असते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे सुतारवाड्यातील किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीतील माणूस सामान कधी हलवायचे ते स्वतः ठरवतो. मोजलेली गोष्ट, मोजल्याची वेळ आणि आधीच जाहीर केलेल्या खुणा, हे तीन घटक मॉडच्या अपडेटमध्ये आले की चाहत्यांनाही स्वतःचा अंदाज बांधता येतो.

यासाठी कामाच्या पायऱ्या एकदाच ठरवून जाहीर कराव्यात आणि त्या मध्येच बदलू नयेत. नकाशाच्या बाबतीत रस्ता आखला, इमारती व झाडे बसली, वाहतूक सुरू झाली, टेस्टिंग पूर्ण झाले, अशा चार पायऱ्या पुरतात. त्यानंतर दर महिन्याचा अपडेट साधारण असा लिहिता येईल :

"१५ जूनपर्यंतची स्थिती. फुलेवाडी ते कळे : रस्ता, इमारती व झाडे पूर्ण, वाहतूक सुरू, टेस्टिंग चालू आहे. कळे ते साळवण : रस्ता पूर्ण, इमारती बाकी. साळवण ते गगनबावडा : रस्त्याचे काम चालू. गगनबावड्यापुढचा करूळ घाट : अजून सुरुवात नाही. या महिन्यात अडलेले काम : बालिंग्याच्या पुलावर बस कशालाही न धडकता जागच्या जागी अडकते, आणि त्याचे कारण अद्याप सापडलेले नाही. पुढील अपडेट १५ जुलैला देऊ, काम पुढे गेलेले असो वा नसो. रिलीजची तारीख ठरलेली नाही. फुलेवाडी ते गगनबावडा हा रस्ता सलग चालवता येऊ लागला की ती ठरवू."

या मजकुरातील शेवटची तीन वाक्ये माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहेत. रिलीजची तारीख देता येत नाही, पण पुढच्या अपडेटची तारीख नक्कीच देता येते, आणि ती पाळणे पूर्णपणे गटाच्या हातात असते. ती तीन-चार महिने पाळली गेली की चाहत्यांचा विश्वास बसतो आणि "मॉड बंद पडला का?" असे विचारणारे आपोआप कमी होतात. रिलीजची तारीख नसली तरी ती कोणत्या अटीवर ठरेल हे सांगितलेले असल्यामुळे टाळाटाळ चालली आहे असेही कोणाला वाटत नाही. बालिंग्याच्या पुलावरील दोष लपवण्याचे कारण नाही. अडलेले काम उघडपणे लिहिले की मदतही मिळते, कारण चाहत्यांमध्ये स्वतः मॉड बनवणारे असतात आणि तसाच दोष त्यांतील कोणी तरी आधी सोडवलेला असू शकतो.

प्रगती किलोमीटरमध्ये सांगू नये, गावांच्या नावांनी सांगावी. या गेममधील जग सुमारे १:१९ या प्रमाणात आहे, म्हणजे साधारण ५५ किलोमीटरचा गगनबावड्याचा रस्ता गेममध्ये जेमतेम तीन किलोमीटरचा होतो. "दोन किलोमीटर पूर्ण" असे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की गट अजून शहराबाहेरही पडलेला नाही.

स्क्रीनशॉटबद्दलही सावध असावे. गटातील एखाद्याने हौसेने रंकाळ्याचे मॉडेल केले आणि त्याचे संध्याकाळच्या उजेडातील चित्र टाकले, तर रंकाळा मॉडमध्ये असणारच असे चाहते धरून चालतात आणि तो नसला तर फसवणूक झाली असे म्हणतात. चित्राखालीच "पहिल्या रिलीजमध्ये आहे" किंवा "प्रयोग, रिलीजमध्ये असेलच असे नाही" यांपैकी एक ओळ लिहावी. चित्र पुढे पाठवताना खालचा मजकूर गळून पडतो, म्हणून ही ओळ चित्रावरच टाकलेली बरी.

तारीख केव्हा द्यावी

उरलेले सगळे काम गटाच्याच हातात आहे अशी स्थिती आल्याशिवाय तारीख देऊ नये. म्हणजे नवीन काही घालायचे नाही हे ठरलेले असावे, गेम बंद पडेल असा एकही ज्ञात दोष उरलेला नसावा, आणि गटाबाहेरच्या दोघा-तिघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर मॉड सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहिलेला असावा. गटाबाहेरच्या, हे मुद्दाम म्हटले आहे. स्वतः बांधलेल्या रस्त्यावर बस कोठे अडते हे बांधणाऱ्याला सवयीने माहीत असते आणि तो नकळत तेथून वळसा घेतो.

तोपर्यंत कालावधी सांगावा, आणि तोही हळूहळू आवळत न्यावा. आधी "या वर्षात नाही" एवढे सांगितले तरी पुष्कळ होते. मग "दिवाळीनंतर", मग महिना, आणि सर्वांत शेवटी दिवस. प्रत्येक टप्प्यावर सांगितलेली गोष्ट आधीच्यापेक्षा नेमकी असावी आणि आधीच्या चौकटीत बसणारी असावी.

मॉड हा दुसऱ्याच्या घरात बांधलेला मजला असतो, त्यामुळे गटाची स्वतःची तयारी पूर्ण असूनही तारीख चुकू शकते. फॉलआउट ४ साठीचा फॉलआउट लंडन हा प्रचंड मॉड २३ एप्रिल २०२४ रोजी येणार असे जाहीर झाले होते. त्याच महिन्यात मूळ गेमच्या कंपनीने आपला मोठा अपडेट २५ एप्रिलला येईल असे सांगितले. मूळ गेम बदलला की त्यावर उभी असलेली मॉडची तांत्रिक रचना मोडण्याची शक्यता असते, म्हणून गटाने ठरलेल्या दिवसाआधीच रिलीज पुढे ढकलल्याचे जाहीर केले, आणि मॉड २५ जुलैला आला. दोन दिवसांच्या अंतरावर आलेल्या परक्या अपडेटने तीन महिने गेले, आणि यात मॉड करणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हते. यूरो ट्रक सिम्युलेटर २ लाही वर्षातून अनेक वेळा नवे व्हर्जन येते आणि प्रत्येक वेळी नकाशाचे मॉड तपासून पुन्हा जुळवावे लागतात. त्यामुळे तारीख देताना मॉड मूळ गेमच्या कोणत्या व्हर्जनसाठी आहे ते त्याच वाक्यात लिहावे, आणि मधल्या काळात नवे व्हर्जन आले तर तारीख पुन्हा ठरवली जाईल असेही जोडावे.

"तयार झाले की येईल" हे उत्तर प्रामाणिक आहे, पण एकटे पुरत नाही. ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर या गेमची घोषणा १९९७ मध्ये झाली, मधली अनेक वर्षे हेच उत्तर मिळत राहिले, आणि गेम २०११ मध्ये आला. हाफ-लाइफ या गेमची नव्याने उभारणी करणारा ब्लॅक मेसा हा मॉड २००९ मध्ये येईल असे आधी सांगितले गेले. ते जमले नाही तेव्हा तारीख काढून टाकण्यात आली, आणि १४ सप्टेंबर २०१२ रोजी तो अखेरच्या झेन या भागाशिवाय प्रसिद्ध झाला. पूर्ण काम मार्च २०२० मध्ये लोकांसमोर आले. कोल्हापूरच्या गटाने यातून घेण्याजोगे हे की, जे तयार आहे ते वेगळे काढून देता येते, मात्र त्यात काय नाही हे आधीच ठळकपणे सांगितलेले असले पाहिजे. करूळ घाट मागाहून येणार असेल, तर रिलीजच्या नावातच "कोल्हापूर ते गगनबावडा, घाटाशिवाय" असे यावे.

तारीख एकाच ठिकाणाहून आणि एकाच व्यक्तीने सांगावी. रंकाळ्याच्या कट्ट्यावर मित्राला सहज म्हटलेले "पुढच्या महिन्यात बहुतेक होईल" हे वाक्य संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी यूट्यूब व्हिडिओच्या मथळ्यात पोहोचते, आणि तेथे "बहुतेक" हा शब्द उरत नाही.

दिवस निवडताना

रिलीजनंतरचे दोन-तीन दिवस गटातील निदान दोघे मोकळे असतील असाच दिवस निवडावा, कारण खरे दोष पहिल्या काही तासांतच वर येतात. गणेशोत्सवात गटातील निम्मे लोक मंडळाच्या कामात असतात आणि विसर्जनाच्या रात्री मेसेजला कोणी उत्तर देणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि चाहत्यांत याच वयाची मुले पुष्कळ असतात. त्या दिवसांत मॉड सोडू नये असे मला मनापासून वाटते. वेळ लिहिताना "रविवारी रात्री १२ वाजता" असे लिहू नये, कारण ती शनिवारची रात्र की रविवारची यावर वाद होतो. "रविवारी सकाळी ११ वाजता, भारतीय वेळेनुसार" हे निःसंदिग्ध आहे, आणि त्या वेळी गटही जागा असतो.

फाइलचा आकार आधी सांगावा. अनेकांकडे दिवसाला दीड-दोन जीबी डेटा असतो आणि तोच मोबाइलवरून कॉम्प्युटरला जोडला जातो; मॉड तीन जीबीचा असेल तर त्यांना वायफायची सोय आधी बघावी लागते, किंवा गटाने फाइल दोन भागांत द्यावी लागते. डाउनलोडचे अधिकृत ठिकाण एकच असेल हेही त्याच वेळी जाहीर करावे, कारण तारीख जवळ आली की त्याच नावाच्या बनावट फाइल फिरू लागतात.

तारीख चुकणार असेल तर

चुकणार असे कळले त्याच दिवशी सांगावे. ठरलेली वेळ उलटून गेल्यावर दिलेले स्पष्टीकरण कितीही खरे असले तरी सबबीसारखे वाचले जाते. मजकूर थोडका असावा :

"रविवारी मॉड येणार नाही. साळवणच्या पुढे पावसात बस चालवली की काही कॉम्प्युटरवर गेम बंद पडतो, असे काल टेस्टिंगमध्ये आढळले. कारण सापडेपर्यंत नवी तारीख देणार नाही. पुढील बुधवारी रात्री ९ वाजता कळवतो."

यात काय झाले, केव्हा कळले आणि पुन्हा केव्हा बोलणार, हे तिन्ही आहे. घाईने नवी तारीख देण्याचा मोह टाळणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे. सायबरपंक २०७७ हा गेम २०२० मध्ये १६ एप्रिलवरून १७ सप्टेंबरला, तेथून १९ नोव्हेंबरला आणि शेवटी १० डिसेंबरला गेला. मोठ्या कंपनीलाही एकामागून एक तारखा बदलाव्या लागतात, मग रात्री जागून काम करणाऱ्या गटाने दोष सापडण्याआधीच तारीख का द्यावी? कारण घरगुती असेल, कोणी आजारी असेल किंवा परीक्षा असेल, तर "गटातील एका सदस्याच्या वैयक्तिक अडचणीमुळे" एवढे पुरते; नाव किंवा आजार सांगण्याची गरज नाही.

लोक चिडतील. त्यांना "फुकट देतोय, वाट बघा" असे उत्तर कधीही देऊ नये. ते खरे असले तरी इतके दिवस प्रेमाने वाट पाहणाऱ्याच्या जिव्हारी लागते. सूचनेची तीच ओळ पुन्हा द्यावी आणि थांबावे. यूपीआयवरून ऐच्छिक मदत घेत असाल, तर ती तारखेशी किंवा लवकर डाउनलोड मिळण्याशी जोडू नये. एकदा पैसे घेतले की अंदाजाचा करार होतो, आणि मूळ गेमच्या कंपनीचे मॉडविषयक नियमही त्यामुळे मोडू शकतात.

काम कायमचे थांबणार असेल, तर तेही याच पद्धतीने सांगावे. शेवटच्या अपडेटमध्ये प्रत्येक टप्प्याची स्थिती नेहमीसारखीच लिहावी, काम थांबल्याचे एका वाक्यात स्पष्ट करावे, आणि मॉडेल व नकाशाच्या मूळ फाइल दुसऱ्या कोणाला वापरता येतील का, कोणत्या अटीवर येतील, आणि त्यासाठी कोणाशी बोलावे, हे नमूद करावे. दुसऱ्यांकडून घेतलेली मॉडेल असतील तर ती त्यांच्या परवानगीशिवाय पुढे देता येणार नाहीत, म्हणून अशा फाइलची यादी वेगळी ठेवावी.