ब्रूअरीत यायचंय? आधी टाक्या धुवा

मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी करून पुण्यातल्या एका मायक्रोब्रूअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात लागलो, तेव्हा घरी 'फूड इंडस्ट्री' एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं. मित्रांना वाटायचं, याची चैन आहे. प्रत्यक्षात पहिले तीन महिने मी कॉस्टिक सोड्याने टाक्या आणि पाइप धुतले, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवायच्या टाकीतला, म्हणजे मॅश टनमधला, वाफाळता चोथा फावड्याने पिंपांत भरला. चोथा गोठ्यात जायचा. आमच्या कामाची खरी कदर म्हशींनाच होती.

नव्याने येणाऱ्यांनी आयोडीन टेस्ट नीट शिकून घ्या. माल्टमधल्या स्टार्चची साखर व्हावी म्हणून मॅश, म्हणजे माल्ट-पाण्याचं मिश्रण, साधारण 62 ते 72 अंशांवर ठेवतात. पांढऱ्या टाइलवर वर्टचा (मॅशमधल्या गोड पाण्याचा) थेंब, त्यावर आयोडीनचा. निळा-काळा झाला की स्टार्च शिल्लक. एकदा मी घाईत 'झालं' म्हणून मोकळा झालो. ब्रूमास्टरने टाइल उचलून माझ्या नाकासमोर धरली. थेंबाच्या कडेला जांभळट छटा होती. घड्याळाकडे बोट दाखवून तो चहाला निघून गेला.

बिअरची स्टाइल पुस्तकातून कळते, पण बसते नाकात. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. टाकीत दोन्ही नसतात. ती करामत यीस्टची. मॅश सुरुवातीला 45 अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबवला की लवंग खुलते, फर्मेंटर (बिअर आंबवायची टाकी) गरम राहिला की केळं वरचढ होतं. एका मे महिन्यात आमचा चिलर बसला. त्या बॅचला आम्ही आपसांत शिकरण म्हणायचो.

दोन वर्षांनी पैसे जमवून बर्लिनच्या व्हीएलबी या ब्रूइंग शिकवणाऱ्या संस्थेत सहा महिन्यांचा ब्रूमास्टर कोर्स केला. तो इंग्रजीतून असतो. फी दणदणीत आहे, म्हणून सांगतो, हाताला काम लागल्याशिवाय जाऊ नका. निम्मं डोक्यावरून जाईल.

सुट्टीत मात्र फिरा. जर्मनीतल्याच बांबेर्गला श्लेंकेर्ला ब्रूअरीची राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर, घेतली. पहिला घोट म्हणजे भरतासाठी भाजलेलं वांगं! पूर्वी माल्ट लाकडाच्या आगीवरच वाळवायचे, त्यामुळे बिअरला धूर लागायचाच. पुढे बिनधुराच्या भट्ट्या आल्या, इथे अजून बीचचं लाकूड जळतं. दुसऱ्या ग्लासाला धूर मागे सरतो आणि माल्टची गोडी लागते. एका घोटावर मत देऊ नका.

कोलोनची क्योल्श याच्या अगदी उलट, हलकी नि स्वच्छ. यीस्ट एलचं, म्हणजे उबेत आंबवणारं, पण नंतर बिअर थंडीत मुरवतात. ग्लास जेमतेम 200 मिलीचा, म्हणजे बिअर बेचव व्हायच्या आत संपते. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि बिअरमॅटवर पेन्सिलीने रेघ मारतो. पुरे झालं की मॅट ग्लासवर झाकायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला भिडेपोटी 'डांके' (धन्यवाद) म्हणत राहिलो. उठलो तेव्हा नऊ रेघा होत्या, त्यातल्या निदान चार मला नको होत्या.