प्रायोगिक ब्लॅक मेटलमध्ये स्वतःची ओळख शोधताना : सांगलीतून

सांगली-मिरजेत राहून प्रायोगिक ब्लॅक मेटल (हेवी मेटल संगीताचा एक टोकाचा, कर्कश प्रकार) वाजवू पाहणाऱ्या नव्या मुलामुलींना मी आधी एकच गोष्ट सांगतो : गाण्यात नवे काय आणायचे हे ठरवण्यापूर्वी कोणत्याही गाण्यात काय सोडायचे नाही, ते ठरवावे. व्हेनम या इंग्लिश बँडच्या १९८२ च्या अल्बमने या संगीताला नाव दिले. ट्रेमोलो पिकिंग (एकच स्वर अतिवेगाने सलग छेडणे), ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिजलद, सलग मारा), किंचाळणारा गळा आणि मुद्दाम खरखरीत ठेवलेले ध्वनिमुद्रण ही घडण मात्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत पक्की झाली. तिथल्याच उल्व्हर या बँडने १९९६ मध्ये संपूर्ण अकूस्टिक, १९९७ मध्ये कमालीचा कर्कश आणि १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिककडे वळलेला अल्बम केला. या टोकांमध्येही चालींचा उदास, रेंगाळणारा स्वभाव टिकून राहिला, आणि माझ्या मते त्यांची ओळख त्यातच आहे.

आपल्याकडे पहिला मोह तंबोऱ्याचा होतो, कारण उत्तम तंबोरे बनवणारे कारागीर मिरजेत आहेत. हा मोह चांगला आहे, पण गाण्याच्या सुरुवातीला तंबोरा थोडा वेळ वाजवून पुढे त्याला विसरून जाणे ही केवळ सजावट होते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेल्या धाग्यामुळे जवारी, म्हणजे त्याचा गुंजणारा नाद, खुलते आणि एकाच तारेतून अनेक उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर) ऐकू येतात. डिस्टॉर्शन, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा नाद मुद्दाम खरखरीत करण्याची प्रक्रिया, हीही गिटारच्या स्वरात उपस्वरांची भर घालते, म्हणून या दोन नादांचे नाते खरे आहे. गिटारी तंबोऱ्याच्या षड्जाला लावाव्यात आणि तो षड्ज, तंबोरा वाजत नसतानाही, संपूर्ण रचनेचा आधार राहू द्यावा.

इथे एक तांत्रिक बाब फार उपयोगी पडते. एकाच गिटारवर षड्ज आणि कोमल गांधार एकत्र छेडून डिस्टॉर्शनमधून काढले, तर दोन्ही स्वरांच्या मिश्रणातून नको असलेले स्वर उमटतात आणि नाद गढूळ होतो; षड्ज-पंचमाची जोडी मात्र बरीच स्वच्छ राहते. म्हणून एका गिटारने षड्ज आणि दुसरीने गांधार धरावा, म्हणजे प्रत्येकीचे डिस्टॉर्शन वेगळे राहून सुरावट स्पष्ट ऐकू येते.

शब्दांचेही तसेच आहे. नॉर्वेच्या गाण्यांतून बर्फ आणि सूचिपर्णी वृक्षांची जंगले उसनी आणण्याची आपल्याला गरज नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी ऐकत रात्र काढलेल्या शहराकडे भीतीचे स्वतःचे शब्द आहेत. मराठीत किंचाळताना व्यंजने बुडतात आणि स्वर टिकतात, त्यामुळे ओळीच्या शेवटी ‘आ’ किंवा ‘ओ’ येईल अशी रचना करावी, आणि ज्या शब्दावर अर्थ तोललेला आहे त्याच्याखाली ड्रमरने ब्लास्ट बीट थांबवावा.