रात्री पोराला भुंकल्यासारखा खोकला सुटला तर
थंडी पडली की आपल्याकडे जळगाव-धुळ्यात लहान पोरांना रात्री एकदम कुत्रं भुंकल्यासारखा खोकला सुटतो, आवाज बसतो, हा बऱ्याचदा क्रुप (म्हणजे स्वरयंत्र-श्वासनलिकेला आलेली सूज) असतो, ६ महिने ते ३ वर्षांच्या पोरांना जास्त होतो आणि व्हायरल असतो म्हणून घरात उरलेलं अँटिबायोटिक पाजू नका. पोराला मांडीवर बसतं धरा, रडू देऊ नका, रडलं की श्वास अजून अडतो. नीट गुंडाळून ओट्यावर गार हवेत थोडं बसवलं तरी कधीकधी फरक पडतो. वाफेचं पातेलं नकोच, पोर भाजायचं. पण शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येतोय, बरगड्या आत ओढल्या जाताहेत, लाळ गळतेय, ओठ निळसर दिसताहेत तर सकाळची वाट न बघता सरळ १०८ लावा. डॉक्टर बहुतेक डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉईडचा एकच डोस देतात, स्टेरॉईड ऐकून नाही म्हणू नका.