धोट्याच्या मागावर पाळी करताना कान कसे जपावेत

इचलकरंजीत मी कापड विणायच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, आहे. आमच्यातले बरेच जण कानात कापसाचा बोळा कोंबतात. त्यानं आवाज फारसा अडत नाही. फोमचे इअरप्लग घ्या. स्वच्छ हातांनी प्लग वातीसारखा बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नीट बसला की स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं ऐकू येतं. कान दुखला तर लहान मापाचा बघा, सोसत बसू नका. इअरमफ, म्हणजे कानांवर बसणाऱ्या वाट्या, उन्हाळ्यात घामानं चिकटतात, शिवाय चष्म्याच्या काडीपाशी फट राहते. मागांचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, म्हणून बोलायलासुद्धा प्लग काढू नका, खुणेनं सांगा. तेलकट झालेला फोम टाकून द्या.