राखणीच्या कुत्र्याचं नाव ठेवताय? या चुका टाळा

आमच्या कुत्र्याचं पहिलं नाव हार्डी. मुलाने हौसेने ठेवलेलं. रस्त्यावरून आणलेलं सहा-सात महिन्यांचं गावठी पिल्लू, खायला पुढे. पण नाव घेतलं की शेपूट पायात घालून जिन्याखाली शिरायचं. आम्हाला वाटलं, बुजरं आहे. आठवड्याभराने आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अरे, दिवसभर त्याला हाड हाड करताय, मग ते जवळ येईल कसं?"

खरंच की. त्या बिचाऱ्याने जन्मल्यापासून 'हाड' ऐकलं की पाठोपाठ दगड यायचा. आपण 'हार्डी' म्हणत होतो, त्याला पहिला तुकडाच पुरत होता. कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून टिक्या केलं. चार दिवसांत मान वळवून बघायला लागला.

मध्यम आकाराचं, 15-20 किलोचं राखणदार कुत्रं घरी येणार असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी. अशा कुत्र्याला भुंक म्हणून सांगावं लागत नाही, ते काम त्याला येतं. सांगावं लागतं ते 'पुरे, आता इकडे ये' एवढंच. दूधवाला फाटकात उभा आहे, कुत्रं त्याच्याकडे झेपावलंय आणि तुमच्या हातात फक्त त्याचं नाव आहे. ते नाव ब्रेकसारखं लागलं पाहिजे.

रोजच्या शब्दांशी टक्कर

निको नाव गोड आहे, पण घरात दिवसातून पन्नास वेळा 'नको' म्हटलं जातं. बझ आणि 'बस'चं तेच. कुत्रा सुमारे 45 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, आपली मजल 20 हजारांवर संपते; तेव्हा त्याला ऐकू येत नाही ही सबब नाही. गोंधळ होतो तो शब्द सारखे वाटल्यामुळे. राखणीच्या कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक शब्द सांभाळावा लागतो, तो म्हणजे 'छू'. गल्लीतली पोरं गंमत म्हणून छू करतात, काही घरांत तर मुद्दाम शिकवलेलं असतं. अशा कुत्र्याचं नाव छोटू ठेवलंत, तर तुम्ही त्याला परत बोलावताय की अंगावर सोडताय, हे त्याने ओळखायचं कसं?

तोंडात न बसणारं नाव

कागदावर नाव छान दिसतं, पण हाक मारणार कोण? घरातली सगळी. शेवटी व्यंजन असलेलं नाव लांबवर जात नाही. मॅक्स ओढून बघा, 'स्' हवेत विरतो. म्हणून आठ दिवसांत मॅक्सचा मॅक्स्या होतो आणि ब्रूनोचं आजोबांच्या तोंडी बुरन्या. आपल्या जुन्या माणसांनी हे केव्हाच सोडवून ठेवलंय: मोत्या, वाघ्या, खंड्या, काळ्या, ठिपक्या. दोन-तीन अक्षरं आणि शेवटी लांबवता येणारा 'या'. शेताच्या या टोकाला उभं राहून 'मोत्याऽऽ' म्हटलं की त्या टोकाला पोचतं. सुरुवातीला ट, क, प असं कडक अक्षर असेल तर आणखी बरं, भुंकण्याच्या गदारोळातही ते वेगळं उठतं. इंग्रजी नाव ठेवू नका असं नाही. नाव ठरवण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून ते तीनदा ओरडून घ्या. जे बाहेर पडेल तेच खरं नाव.

धाक दाखवणारं नाव

किलर, डेंजर वगैरे. भुंकणारं कुत्रं पाहून माणूस आधीच घाबरलेला असतो, त्यात मालक 'किलर, किलर' ओरडत धावत येतो. कुरियरवाला पार्सल भिंतीवरून फेकून जाणारच. लसीच्या कार्डावरही तेच नाव चढतं. उद्या कुणाला नुसतं ओरबाडलं तरी सोसायटीच्या बैठकीत तुमची बाजू नाव ऐकूनच अर्धी पडते.

माणसांची आणि देवांची नावं

शेजारी सोनू असेल तर आपल्याकडे सोनू नको, एवढं सगळ्यांनाच कळतं. देवांच्या नावांत मात्र लोक फसतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, भैरवाचं वाहन कुत्रा, खंडोबाबरोबरही कुत्रा असतोच, मग भैरू ठेवायला काय हरकत? हरकत भैरूने चप्पल फाडल्यावर तुम्ही काय बोलता त्याला आहे. पलीकडच्या घरी भैरोबा कुलदैवत असेल, तर तो आवाज भिंतीपलीकडे जातो. वाघ्या त्या मानाने निर्धोक.

नाव चांगलं आहे, तरी येत नाही

बहुतेक वेळा दोष नावात नसतो. एक जण टिक्या म्हणतो, दुसरा टायगर, तिसरी बाळा. त्याने कशाकशाला ओ द्यायची? किंवा नाव घेतलं जातं ते फक्त आंघोळीला, इंजेक्शनला आणि रागावताना. मग नाव ऐकलं की ते पळणारच. तिसरी चूक म्हणजे 'टिक्या टिक्या टिक्या' अशी माळ जपणं. एकदाच म्हणा आणि थांबा.

आम्ही केलं ते असं: उकडलेल्या अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे खिशात. कुत्रं दुसरीकडे बघत असताना एकदा नाव, मान वळली की लगेच तुकडा. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं. आधी घरात, मग अंगणात, शेवटी फाटकाशी. फाटकाच्या वेळी कुत्र्याला दोरी लावून मुलाला बाहेर पाठवायचो आणि बेल वाजवायला लावायचो. पहिल्या दिवशी टिक्याने अंड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग मुलाला चार घरं लांब उभं केलं, तिथून नुसती कडी वाजवल्यासारखा आवाज. आणि रोज थोडं जवळ. तिथे पंधरवडा गेला.

मोठं कुत्रं दत्तक घेतलं असेल आणि जुनं नाव बदलायचं असेल, तर काही दिवस नवं-जुनं जोडून म्हणा, 'टिक्या-राजा'. नव्या नावावर वळायला लागलं की जुनं गाळा. मात्र आधीच्या घरी त्या नावाने मार खाल्ला असेल, तर जोडूही नका.

आई अजून त्याला टिकल्या म्हणते. तोही येतो, सुरुवात तीच आहे, आणि भाकरी तिच्याकडे असते.